चार घरं वर

पडद्याच्या डाव्या कडेला पेटी, कुणी कुशीवर उभी केल्यासारखी.
सा वर टिचकी मारली आणि बोटाने मोजत वर गेले:
एक, दोन, तीन, चार. शुद्ध गंधार.
एक घर खाली ओढला, कोमल झाला,
आणि काजूच्या फॅक्टरीतून नुकतीच सुटलेली मी
कुणाचं तरी वाईट ऐकल्यासारखी गप्प बसले.
एका घराचा फरक.
हिशेबात एवढी चूक मी रोज निस्तरते.

नार्वेहून दिवाडीला फेरी जाते तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही.
लॅपटॉप पिशवीत, पिशवी युरियाच्या धुतलेल्या गोणीत.
पलीकडे मेस्त रुझार. चाळीस वर्षं इगर्जीत गाणारे घडवले,
माउसला हात लावत नाही.
म्हणतो, तू दाब, मी ऐकतो.

मी चार कॉर्ड लावले होते. तयार मिळतात,
सोललेल्या लसणीसारखे, ओढायचे नि टाकायचे.
चौथ्या फेऱ्याला मेस्त म्हणाला,
"बाये, तू बाहेर पडतेसच कुठे?
दर चार पावलांनी परत येऊन कडी बघतेस."

मला ठाऊक होता एकच सा.
बाबांच्या पेटीची खालची पट्टी,
काडेपेटीची काडी खुपसून दाबलेली,
भजन संपेपर्यंत.
इथे पायाच चालायला लागतो.

"वरचा ग धरून ठेव," मेस्त म्हणाला, "आता खालचं हलव."
खाली सा: ग हसरा, ओट्यावर बसलेला.
खाली ध: तोच ग पोक्त, लग्नात मागे उभ्या विधुर काकासारखा.
खाली म: तोच ग काठावर,
एक पाय घरात, एक अंगणात.
तीनदा ऐकलं. ग जिथल्या तिथे.
मला माझ्या बदल्या आठवल्या, डिचोली, साखळी, परत डिचोली,
तीच मी,
एकीकडे मॅडम, दुसरीकडे ती हिशेबवाली.

मग तो मला बांधावर घेऊन गेला.
खाजनाच्या तोंडाशी मानस, लाकडी दारं मिटलेली,
बाहेरून भरती रेटत होती.
"हा प," तो म्हणाला. "पण नुसता नव्हे, अंगावर नी आणि म घेतलेला.
दोघांत सहा घरं, सप्तकाची अगदी अर्धी फाळणी.
नीला एक घर वर जायचंय, मध्यमाला एक घर खाली,
आणि दोघांनाही कुणी सोडत नाहीये."
मी म्हटलं, मग सोडायचं कधी?
त्याने बिडी पेटवली.
आम्ही ओहोटीची वाट बघत बसलो. डास. एक खंड्या.
त्याच्या गुडघ्याचं दुखणं, मुलगा लिस्बनला, भाताचं बियाणं,
बोलणं कुठल्या कुठे गेलं,
आणि दार आपोआप हललं.
कुणी हात लावला नव्हता.

रात्री हेडफोन घालून शेवंताचा आवाज उघडला,
पौषात मांडावर धालो म्हणताना मोबाईलवर घेतलेला.
पाचच सुरांत फिरते ती.
दुसऱ्या ओळीखाली ध ठेवला, तिसऱ्याखाली म,
चौथीखाली काहीच नाही. तिथे बायका श्वास घेतात,
बांगड्या ऐकू येतात.
तिचा ग कुठल्याच घरात बसत नाही,
तीन आणि चारच्या मधल्या रेषेवर उभा आहे.
कॉम्प्युटर विचारतो, जवळच्या घरात सरकवू?
मी त्याला नको म्हटलं.
फॅक्टरीत असं केलं असतं तर नोकरी गेली असती.

शेवटचा कॉर्ड अजून ठरत नाही.
प वर थांबलेय, नी आणि म एकमेकांकडे पाठ करून.
सा लावला तर झालंच,
पण शेवंता तिथे खोकते, आणि कुणीतरी हसतं,
आणि मला ते कापायचं नाहीये.

खाली धक्क्यावर शेवटच्या फेरीने दोनदा भोंगा दिला.
दुसरा खालचा.
मोजायचं नाही ठरवलं होतं.
पाच घरं.